हमीदसरांचं शेकरू

"तुमच्याकडच्या शेकरूची शेपटी कोणत्या रंगाची?" नव्या माणसाला हमीदसर पाणी विचारायच्या आधी हे विचारायचे. मग तो नवा तलाठी असो की कुणाची मुलगी बघायला आलेला पाहुणा, सुटका नाही.

शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. जव्हारच्या आमच्या शाळेत सर चित्रकला शिकवत आणि मी गणित. त्यांचे वडील रंगारी, त्यामुळे रंगाची पारख घरचीच. भीमाशंकरचं शेकरू तांबडं, आमच्याकडचं फिकट, शेपूट जवळजवळ पांढरं. तेव्हा ही जातच वेगळी, असं सरांचं ठाम मत. "रंग बघा हो, रंग," म्हणत ते एस.टी.च्या खिडकीतून अर्धे बाहेर. एकदा मोखाड्याच्या बाजाराला कोंबडी आणायला निघाले आणि वाटेत एका उंबराखाली मान वर करून दिवसभर उभे राहिले. पत्नी वारल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून डोक्यात खार शिरली, असं आम्ही शिक्षक म्हणायचो. तोंडावरही म्हणायचो. ते रागवत नसत, आणि त्याचाच मला राग यायचा.

गोष्ट साठच्या दशकातली. शिकारीला तेव्हा फारशी आडकाठी नव्हती. मुंबईहून एक प्राणिशास्त्रज्ञ मुद्दाम सरांकडे आले. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं खरं मानून आलेला हा पहिलाच माणूस. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पाहुण्यांनी माझ्यासमोरच सरांनी काढलेली शेकरूंची चित्रं निरखून पाहिली.

"तुमचं बरोबर निघेल बहुतेक. जात वेगळी ठरली तर तिला तुमचंच नाव देऊ. पण नुसत्या चित्रांवर भागत नाही. कातडी, कवट्या लागतील. आठ-दहा नग."

सरांना रानात फिरवणारा साखरशेतचा लखमा दारात बसला होता. "त्यात काय, गुरुजी? उद्याच पाडतो. मास आमाला, कातडा सायबाला."

सर उठले. मग चित्रं गोळा करत म्हणाले, "साहेब, माफ करा. उन्हात फिकट दिसतात, इतकंच. सगळी एकच जात. माझी नजर चुकली."

रंगाऱ्याच्या मुलानं असं म्हणावं, हे मला ऐकवेना. पाहुणे वैतागून दुपारच्या गाडीनं परत गेले. मी सरांवर भडकलो. "अहो, हयात घालवलीत यात. आणि हाताशी आलेलं सोडून दिलंत?"

सरांचे डोळे भरून आले होते.

"आठ-दहा म्हणाले ते," सर हळू आवाजात म्हणाले. "तेवढी आहेत कुठे आपल्या रानात?"