रोकडेकाकांचे पेशंट

रोकडेकाका मातीशी बोलत. शेतकऱ्यानं पिशवी टेबलावर ठेवली की ते चिमूटभर माती तळहातावर घेत, अंगठ्यानं चोळत, नाकाशी नेत आणि हळूच विचारत, "काय गो, कसं वाटतंय?" मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पिशवीवर नंबर टाकत. शेतकरी बिचारा आपण मध्येच आलो की काय, अशा चेहऱ्यानं उभा राही. नमुन्यांना ते पेशंट म्हणत. "दोन पेशंट धसईचे, एक जरा सीरियस हाय," अशी वर्दी साहेबांना रोज जाई.

मुरबाडच्या माती परीक्षण केंद्रात ते परिचर होते. मी सोलापूरची, कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याचे दोन महिने तिथे प्रशिक्षणाला गेले होते. गाव नवं, बोली नवी, आणि सोबत दोन जाड पुस्तकं. पहिल्याच दिवशी काकांनी मला नीट न्याहाळलं आणि निदान केलं, "तू काळी माती. पानी धरून बसतेस. वरून काय कळत नाय, पन सुकलीस का भेगा पडतात." साहेबांना ते माझ्यापाशी मुरूम म्हणत. कितीही ओता, ठरत नाही.

भाच्यासाठी मुलगी बघायला ते शहापूरजवळ सापगावला गेले होते. पोहे यायच्या आत त्यांनी अंगणातलं ढेकूळ फोडून पाहिलं आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं की निचरा बरोबर नाही. मंडळी गोरीमोरी झाली. लग्न तरीही झालं. पावसाळ्यात माहेराहून फोन आला की ती भाचेसून काकांना सांगे, मामा, अंगणात पाणी साचलंय.

मी हसायचे. पण माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की नमुन्याला उघडा हात लावू नये, आणि पुस्तकाच्या बाहेर मी अजून कुठे गेलेच नव्हते.

मे महिन्यात मला सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातून नमुने आणायला पाठवलं. नियम असा की शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खणायचं. पण कापणीनंतरची भातखाचरं दगडासारखी झालेली. शेतकरी घरी नव्हता. एका शेताच्या कोपऱ्यात मात्र माती काळी आणि भुसभुशीत होती. आमच्याकडच्यासारखी काळी माती बघून मला बरंही वाटलं. मी तिथंच बसून पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती चोळली आणि थांबले.

"ही राबाची हाय, पोरी."

राब म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पावसाआधी भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात. त्या राखेची ती माती होती. काका तेच समजावत होते. साहेब समोर होते, आणि माझा चेहरा तापला होता. मी म्हटलं, "सर, यांच्या हाताच्या घामानं नमुने बिघडतात. बोटांनी निदान होत नसतं."

साहेबांनी त्याच दिवशी काकांना नमुन्यांना हात लावायची बंदी केली आणि आवक-जावक रजिस्टरवर बसवलं.

राखेत असतं ते पालाश मशीननं त्या पिशवीत इतकं जास्त दाखवलं की मी तीनदा पुन्हा तपासलं. काकांची बोटं बरोबर होती. मी कुणाला काही बोलले नाही. तो अहवाल गेला असता तर शेतकऱ्यानं खत टाकलं नसतं आणि त्याचं पीक बुडालं असतं, हेही मला कळत होतं. सोमवारी माझ्या टेबलावर नवी पिशवी होती, वर माझ्याच नमुन्याचा नंबर. रविवारी काका एसटीनं जाऊन, त्याच शेतात उन्हात आठ ठिकाणी खणून आले होते. दारातूनच म्हणाले, "हात नाय लावला गो. खुरप्यानं भरलीय."

माझा अहवाल अचूक निघाला. साहेबांनी प्रमाणपत्रावर चार चांगली वाक्यं लिहिली. प्रशिक्षणातून काय शिकलात, यावर कॉलेजात मी नमुना घेण्याची शास्त्रीय पद्धत सांगितली. टाळ्या मिळाल्या. काकांचं नाव मी घेतलं नाही. खरं काय ते साहेबांना पत्रानं कळवायचं रोज ठरवत होते. मग त्यांची बदली झाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

काका गेल्याचं मला गेल्या वर्षी उशिरा कळलं. मी धसईला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी काकांचा फोटो होता. काकींना सांगितलं, मी केंद्रात होते काही दिवस. त्यांनी चहा दिला आणि आपणहून बोलू लागल्या. नवे साहेब तरी परत नमुन्यांवर बोलावतील म्हणून काका रिटायर होईपर्यंत वाट पाहत होते. घरी आले की हात धुवायला गेल्यावर म्हणायचे, धुवायला हाय काय आता.

"मी म्हटलं, तुमीच सांगा ना, माझं खरं होतं म्हनून. तर बोलायचे, मी सांगितलं तर पोरीच्या सर्टिफिकिटावर येईल. तिला ठाव हाय. ती सांगेल तिच्या टायमाला."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "काकी, ती मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. थोड्या पुढे सरकल्या, चांगली बातमी ऐकायला सरकतात तशा.

"मग सांगितलंस का गो?"