पिण्यास अयोग्य, पण लक्षवेधी

मौजे हिवरटेक येथील सार्वजनिक विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा तपासणी अहवाल प्राप्त झाला, आणि त्या अनुषंगाने विहिरीवर सूचनाफलक लावण्याची तातडीची कार्यवाही सुरू करण्यात आली. साल दोन हजार तीन. वाक्य सरकारी वाटेल, पण मी सरकारी माणूस नाही. नाशकात द्वारकेला, एका टायरवाल्याच्या वरच्या गाळ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, ‘अक्षरलीला ग्राफिक्स’. सरकारी मजकूर टाइप करून करून जिभेला तेच वळण लागलंय. घरी बायको म्हणते, चहा हवा असेल तर सरळ मागा, ‘चहा मिळणेबाबत’ काय?

हिवरटेक म्हणजे दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधलं गाव. तिथल्या उपकेंद्राच्या नर्स ज्योत्स्नाताई एसटीने आल्या, जिना चढून धापा टाकत माझ्यासमोर बसल्या आणि कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ होती : ‘या विहिरीचे पाणी पिऊ नये.’

“पांढऱ्यावर काळी अक्षरं. मोठी. बाकी काही नको,” त्या म्हणाल्या. “बागेत कामाला आलेल्या मजुरांची वस्ती विहिरीला लागूनच आहे. पोरांना जुलाब सुरू झालेत. उद्या द्याल?”

मी कागद उलटसुलट करून पाहिला. आता तुम्हाला म्हणून सांगतो, कलाकाराला याहून मोठा अपमान नाही. माझ्याकडे कोरल आहे, फोटोशॉप आहे, सातशे फॉन्ट आहेत. मी अक्षराला सावली देतो, सोन्याचा मुलामा देतो, आग लावतो, विझवतो. आणि या बाई म्हणतात, काळं अक्षर. लग्नाला बनियनवर आलेल्या माणसासारखं.

“ताई, एवढ्यासाठी इथवर कशाला आलात? ब्रश घेऊन स्वतःच लिहायचं.”

“लिहिलं होतं. चुन्याने, कठड्यावर. भाऊसाहेबांनी पुसायला लावलं.”

भाऊसाहेब म्हणजे गावचे ग्रामसेवक, किशोर. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, बगलेत फाइल घेऊन. वरून परिपत्रक निघालं होतं : लक्षवेधी फलक अभियान. यापुढे कोणतीही सार्वजनिक सूचना हस्तलिखित असणार नाही; ती संगणकीकृत व लक्षवेधी असेल. लक्षवेधी कशाला म्हणावं याचीही व्याख्या दिली होती. अक्षरांवर किमान तीन इफेक्ट असतील तर सूचना लक्षवेधी, नाहीतर ती सूचनाच नव्हे.

“म्हणजे चुन्याने लिहिलेलं वाचून एखादा पाणी प्यायचा थांबला असता, तर?” मी विचारलं.

“तर ते थांबणं अनधिकृत,” किशोर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून नोकरी करत होता, इतकंच.

मी पहिला नमुना केला. लाल अक्षरं, मागे काळी शॅडो, भोवती पांढरी आउटलाइन. किशोर तो घेऊन वरच्या कार्यालयात गेले आणि साहेबांचा शेरा घेऊन परत आले. लाल रंगाने जनतेत घबराट पसरते. अभियान सकारात्मक असल्याने ‘पिऊ नये’ हे शब्द अंगावर येता कामा नयेत. विषय पाण्याचा आहे, तरी अक्षरांत पाण्याचा फील आणावा.

पाण्याचा फील. एवढे दोन शब्द ऐकले आणि माझ्या अंगात आलं, म्हणा ना. ‘पाणी’ हा शब्द मी फलकभर मोठा केला. त्याच्या पोटात निळं, हलतंसं पाणी भरलं. काठावर चमक सोडली. आणि मग अक्षरांवर एकेक थेंब बसवला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर येतात ना, तसे. काही जागेवर गोठलेले, काही ओघळणारे, एक तर ‘ण’च्या टोकावरून आत्ता पडेल असा. इंदिरानगरला घरी बायकोला प्रिंट दाखवली. तिने बघितली आणि उठून माठाकडे गेली.

साहेबांनी नमुना एका फटक्यात मंजूर केला. माझी फाइल एवढी जड झाली होती की फ्लॉपीत मावेना, म्हणून सीडी मागवायची ठरली, आणि सीडी हे स्टेशनरीत बसतं की यंत्रसामग्रीत, यावर ती मागणी काही काळ वरच्या कार्यालयात अडकली. ज्योत्स्नाताईंचे मात्र एसटीडी बूथवरून फोन चालू होते. “भाऊ, झालं का?” तोवर त्या रोज सकाळी ड्यूटीच्या आधी विहिरीवर जाऊन उभ्या राहायच्या. हंडा घेऊन आलेल्या प्रत्येकीला लांबच्या हापशावर पाठवायच्या. बायका कुरकुरायच्या, पण जायच्या. जुलाब कमी झाले होते, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, फलक लागला की तुमचा हा त्रास वाचेल.

मग सावळीराम आबा आले. हिवरटेकच्या सरपंच प्रतिभाताई. पण त्यांना सरपंचकी बघायला सवड नसल्याने ती त्यांचे यजमान सावळीराम आबा बघत. त्यांनी थेंबांवरून बोट फिरवलं, ओलं लागतंय का बघितलं.

“लय भारी,” ते म्हणाले. “पन आमच्या बाईंचा फोटो कुठं हाय?”

“आबा, ही धोक्याची सूचना आहे.”

“मग? धोक्याच्या टायमाला सरपंच नाय पायजे का गावाला?”

प्रतिभाताईंचा हात जोडलेला फोटो बसला. फोटोमागे सूर्यकिरणं आली. किरणांत प्रमुख पाहुण्यांचं नाव सोन्यात उठवलं. पाहुणे म्हणजे माननीय अध्यक्ष. कुठल्या समितीचे ते आबांनाही नक्की माहीत नव्हतं. ‘सौजन्याने’ आलं, ‘शुभेच्छुक’ आले, शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो आले. जागा अपुरी पडली तेव्हा ‘पिऊ नये’ खाली सरकलं, तळाच्या लाटेवर तिरकं जाऊन बसलं, माझ्या दुकानाच्या फोन नंबरच्या जरा वर. वाचायला येत होतं. मान वाकडी केली तर येत होतं.

फलक लागायचा म्हणजे उद्घाटन आलंच. विहिरीला झेंडूची तोरणं बांधली, मांडव घातला. मलाही बोलावणं होतं. समोर सतरंजीवर गाव बसलं होतं आणि मागे, बांधाला, पेठ तालुक्यातून बागेत मजुरीला आलेली माणसं. पडदा सरकला आणि सगळं गाव “आहा” म्हणालं. माझ्या छातीत काय झालं ते मला सांगता यायचं नाही.

मजुरांतली एक म्हातारी, पुतळाबाई, कडेवर नात घेऊन अगदी फलकाखाली आली आणि वर बघत राहिली.

“वाचता येतं का, आजी?” मी विचारलं.

“नाय रं भाऊ. पन पानी टपाकताना दिसतंय की. लय गार आसंल.”

आजवर कौतुकाची इतकी सर्टिफिकिटं मिळाली, पण निरक्षर माणसाला माझं अक्षर कळलं, असं पहिल्यांदा झालं. मी धन्य झालो. पुतळाबाईने पोहरा सोडला आणि नातीला ओंजळीने पाणी पाजलं.

तेवढ्यात ज्योत्स्नाताई धावत आल्या. “आजी, नको, टाका ते,” म्हणत त्यांनी पोहरा ओढला. किशोर त्यांना बाजूला घेऊन गेले. दबक्या आवाजात म्हणाले, “सिस्टर, साहेब बघताहेत. आता फलक लागलाय. फलक असताना तोंडी सांगणं म्हणजे शासनाच्या फलकावर अविश्वास दाखवणं होतं. उद्यापासून विहिरीवर उभं राहू नका.”

“आणि लोक प्यायले तर?”

“तर ते सूचना वाचूनही प्यायले, अशी नोंद होईल.”

माननीय अध्यक्ष बोलायला उभे राहिले. जल हेच जीवन, इथपासून सुरुवात झाली. अर्ध्या भाषणात त्यांचं लक्ष वारंवार फलकाकडे जात होतं, ओठांवरून जीभ फिरत होती. शेवटी ते म्हणाले, “अहो, पाण्याचं काही बघा.” आबांनी डोळ्याने खूण केली. सरबताचं पातेलं तयारच होतं. हिवरटेकला उद्घाटनाचं सरबत कुठल्या पाण्याचं करणार? विहीर समोरच होती. अध्यक्षांनी दोन ग्लास घेतले, साहेबांनी एक. मला लिंबू चालत नाही म्हणून मी वाचलो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. अध्यक्ष नाशकात खासगी दवाखान्यात, एसी खोलीत. साहेब रजेवर. गाव उपकेंद्राच्या ओट्यावर, जमिनीवर, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगून. रस्त्याने जाणारे ट्रॅक्टरवालेसुद्धा आता फलक बघून विहिरीवर थांबत होते. पुतळाबाईची नात सगळ्यांत लहान, तिला सिव्हिलला हलवावं लागलं.

चौकशी समिती नेमली गेली. तिने अतिशय तटस्थपणे काम केलं. विहिरीपाशी गेली, फलकाचे फोटो काढले, मोजमाप घेतलं, मला बोलावून प्रत्येक इफेक्टचं नाव लिहून घेतलं. निष्कर्ष असा निघाला की फलक मंजूर नमुन्याप्रमाणेच होता. मात्र नागरिकांचे त्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही, सबब फलक दुप्पट आकाराचा करून त्यावर दिवे सोडावेत आणि थेंबांची संख्या वाढवावी. अशा प्रत्येक विहिरीवर हाच नमुना वापरण्याची शिफारसही झाली. काम मलाच मिळालं. आणि ज्योत्स्नाताईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली : फलक नसताना रुग्ण कमी होते व फलक लागल्यावर वाढले, याचा खुलासा करावा.

त्या खुलासा टाइप करायला माझ्याकडेच आल्या. सिव्हिलमधून आल्या होत्या. डोळे सुजलेले. मी नव्या फलकाचे थेंब टाकत होतो. खुर्ची सरकवली, पाणी हवं का विचारलं. त्यांनी मान हलवली.

“पोरगी कशी आहे?”

“डोळे उघडत नाहीये.” मग त्या स्क्रीनकडे वळल्या. “भाऊ, एक विचारू? तुम्ही, साहेब, आबा, किशोरभाऊ, ती समिती. इतके दिवस झाले. त्या विहिरीत काय पडलंय, ते उपसायचं का, बुजवायचं का, हे एकाने तरी मला विचारलं का?”

मी म्हटलं, “ताई, ते माझ्याकडे येत नाही. माझ्याकडे फक्त अक्षरं.”

त्या उठल्या आणि खुलासा न टाइप करताच जिना उतरून गेल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग रागही आला. मलाच का म्हणून?

आणि तुम्ही, वाचकहो, माझ्याकडे असं बघू नका. इथवर तुम्ही माझ्याबरोबरच आलात. शॅडो बघितलीत, थेंब बघितलेत, बाईंच्या फोटोला हसलात, सरबताला तर खदखदून हसलात. पोरगी पाणी प्यायली तेव्हाही तुम्ही इथेच होतात. आता खरं सांगा, त्या विहिरीत काय आहे, हे तुम्ही कितव्या परिच्छेदात विचारलंत?