तिवरांचा मेंटेनन्स

मुलांनो, आमच्या नायगावच्या इमारतीत नारायणभाऊ राहतात. ते रोज माझ्याकडे चहाला येतात, पण रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा. तुमच्या आजीला घड्याळाप्रमाणे जगायची सवय. मी वैतागून विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "बाई, भरती लागली की मी मोकळा."

खाडीकाठच्या शेतकरी घराण्यातला हा माणूस. सातव्या मजल्यावर राहायला आला, तरी त्याचा दिवस खाडीच्याच पाण्यावर चालतो. ओहोटीत भाऊ चिखलात असतात आणि भरतीत आमच्या लिफ्टमध्ये. चिखल मात्र दोन्हीकडे असतो, असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात.

चिखलात भाऊ तिवरं लावतात. तिवरं म्हणजे खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं. ती लाटा अडवतात, म्हणून खाडीचा मातीचा बांध टिकतो; आणि बांध टिकतो म्हणून पलीकडची भातशेती. एकदा भाऊंनी सोसायटीच्या सभेत विषय मांडला, "तिवरं आपल्याच सोसायटीत राहतात. तळमजल्याला. त्यांचा मेंटेनन्स कोन भरनार?"

"ती काय लिफ्ट वापरतात?" सेक्रेटरी म्हणाले.

"नाय. पन उधान आलं तर तुमची गाडी लिफ्टनं वर नेनार का?"

सभा हसली. पहिली पावती सेक्रेटरींनाच फाडावी लागली.

पण वर्गणीतून रोपं येतात, बांध होत नाही. आणि बांधाला तर मोठी भेग पडली होती. पावसाळ्यातल्या उधाणात तो फुटला असता, तर खारं पाणी शेतात शिरलं असतं, आणि मग त्या जमिनीत कित्येक वर्षं भात पिकला नसता. एक परदेशी संस्था आपल्यासारख्या उष्ण मुलखांतली जंगलं आणि जमिनी सांभाळायला पैसे देते, असं माझ्या वाचनात आलं. आम्ही अर्ज केला. भाऊ सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. "लिवा, झाडं बरी हायेत, बांध आजारी हाय." मी दोन परिच्छेदांत तेवढंच लिहिलं.

संस्थेच्या मॅडम पाहणीला येणार असं ठरलं. वेळ सकाळी अकराची. भाऊंनी कपाळावर हात मारला. "अकराला? अकराला खाडी भरलेली! त्यांना दिसनार काय?" मी फोन करून विनवलं, पण मॅडमना दुसरा दिवस मोकळा नव्हता.

त्या आल्या. बांधावर उभ्या राहिल्या. समोर नुसतं पाणी.

"अर्जात लिहिलेली रोपं कुठे आहेत?"

"आंघोळीला गेल्यात," भाऊ म्हणाले. "येतील. तवर जेवून घ्या."

आणि मला न विचारता त्यांना माझ्याच घरी घेऊन आले! बोंबलाचं कालवण त्यांच्या घरून आलं, भाकऱ्या मी थापल्या. भाऊ खिडकीशी उभे राहून पाण्यावर नजर ठेवत होते आणि तिथूनच वाढपाचे हुकूम सोडत होते. "बाई, अजून एक भाकरी वाढा, पानी कमरेएवढं हाय." "मॅडम, थोडा भात घ्या, आता गुडघाभरच राहिलं." मॅडम बिचाऱ्या पाणी ओसरेपर्यंत जेवत होत्या.

तीनच्या सुमाराला आम्ही पुन्हा बांधावर गेलो. चिखलात हिरव्यागार रोपांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. अंगावरून पाणी ठिबकत होतं. मॅडमनी बूट काढले आणि सरळ चिखलात उतरल्या.

वर आल्यावर त्यांनी बांधापलीकडच्या भाताकडे पाहिलं. "यातलं तुमचं शेत कोणतं?"

भाऊंनी आमच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "तिच्या खाली."

"आणि हे?"

"धाकट्या भावाचं. त्यानं नाय विकलं. मी विकलं, तवापासून बोलत नाय माझ्याशी."

"मग तुम्ही हे सगळं त्यांच्यासाठी..."

"नाय बोलला तरी चालंल," भाऊ म्हणाले. "त्याच्या भातात खारं पानी नको."

एवढी वर्षं मी त्यांना चहा देत होते. पलीकडे त्यांचाही एखादा तुकडा असेल, असंच मी धरून चालले होते. 

पैसे मंजूर झाले. बांधाचं काम सुरू झालं. मजूर आहेत, पण भाऊ ऐकतात थोडेच? "बांधाला घरच्या मानसाचा हात लागायला लागतो," म्हणाले आणि स्वतःच फावडं घेऊन बांधाच्या एका टोकाकडून भिडले. परवा पाहते तर दुसऱ्या टोकाला डोक्याला पंचा गुंडाळलेला एक गृहस्थ. अगदी भाऊंच्याच चणीचा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्यानंही कोणाला विचारलं नाही. फावडं उचललं आणि माती ओढायला लागला.

काल संध्याकाळी त्या दोघांच्या मध्ये हातभर बांध उरला होता. मी खिडकीतून बघत होते. दोघंही उगाचच हळू काम करत होते.