नागलीचा रकाना

आमच्या ऑफिसातल्या संगणकाच्या पडद्यावर लाल स्केचपेनने 'रकाना' असं लिहिलेलं आहे. वेबसाइटवर नाही, पडद्याच्या काचेवर. अर्जात काही भरायचं राहिलं की 'हे क्षेत्र आवश्यक आहे' अशी लाल ओळ येते. ती गुरुजींना पटली नाही. "क्षेत्र सात-बाऱ्यावर असतं, अर्जात रकाना असतो," असं म्हणत त्यांनी तो शब्द काचेवरच खोडला आणि वर दुरुस्ती केली. बॉलपेन उमटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी स्केचपेन घेऊन आले. आता पान खाली सरकवलं की गुरुजींचा रकाना कधी पिन कोडवर जाऊन बसतो, कधी रक्तगटावर.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. जामसरहून एक बाप ती ओळ मोबाइलवर वाचून सात-बारा घेऊनच आला होता. "दीड एकर हाय साहेब, तोपन भावांच्यात मिळून. पोरीला घेतील ना?"

मी मोखाड्याला मुलींच्या एका वसतिगृहाची वेबसाइट सांभाळतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि पहिलीत माझा हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेणारे हेच गुरुजी. त्यामुळे पडदा पुसा, असं त्यांना सांगायची माझी छाती नाही. ते निवृत्त झालेत, खोडाळ्याला एकटे राहतात. प्रवेश सुरू झाले की बोलावणं नसताना रोज पहिल्या जीपने येतात आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. अर्ज गेला की टेबलावर थाप मारून म्हणतात, "लिहिलं ते झालं!" वर्गात श्रुतलेखन संपलं की हेच म्हणायचे.

अर्जासाठी मी वेबसाइटला जोडायचं एक तयार प्लगइन बसवलं होतं. त्याचे नियम त्यालाच ठाऊक. आडनाव किमान तीन अक्षरी हवं, हा एक. 'धूम' चालायचं, 'वड' लाल व्हायचं.

"धूममध्ये अक्षरं किती?" गुरुजींनी मलाच विचारलं.

"दोन, गुरुजी. पण हा ऊकार वेगळा मोजतो."

"याला पहिलीतच बसवून ठेवला असता मी!"

तो नियम मी काढला. दुसरा मात्र माझाच होता. नेट अडकलं की लोक बटण दाबत सुटतात आणि एकाच मुलीचे पाच-सहा अर्ज येतात. म्हणून नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली तर दुसरा अर्ज घ्यायचा नाही, असं मी प्लगइनला सांगून ठेवलं होतं. बापाचं नाव त्यात घ्यायचं मला सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी तीनच्या सुमाराला बुधी वड आईबरोबर आली. दहावी पास झालेली. वसतिगृह मिळालं तर अकरावी, नाहीतर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टी. अर्ज पाचला आपोआप बंद होणार होते, ती वेळ बदलणं माझ्या हातात नव्हतं. मी सगळं भरलं, बटण दाबलं. 'ही नोंद आधीच अस्तित्वात आहे.'

वरच्या पाड्यावरच्या बुधी वडचा अर्ज सकाळीच गेला होता. शाळा एकच, जन्मतारीख एकच, एक जून.

"ती बुधी येगळी, ही येगळी," आई म्हणाली. "तिचा बा काळू, हिचा बा लक्षा. तुमच्या मशीनला दिसत नाय का?"

"बुधवारी झालेल्या सगळ्या बुधीच, मावशी. त्याला कसं कळणार?"

मी नियम काढला. तरी तीच ओळ. साठलेली जुनी पानं, म्हणजे कॅशे, साफ केली. तीच ओळ. प्लगइन बनवणाऱ्यांना फोन लावला, तर कोणी उचलेना. साडेचार झाले. मी म्हटलं, "गुरुजी, तारीख दोन जून टाकू?"

"दाखल्याशी जुळायला नको? लिहिलं ते..." एवढं बोलून ते थांबले. तो दाखला त्यांच्याच अक्षरात होता. जन्माची नोंद नसलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी एक जून दिला होता. मीसुद्धा एक जूनचा. आमचा अख्खा पाडा एका दिवशी जन्मलेला.

नियम दुसऱ्या एका जागीही साठवलेला होता. तो मला पाच वाजून वीस मिनिटांनी सापडला.

गुरुजींनी कागदावर अर्ज लिहिला आणि आत वसतिगृहाच्या साहेबांकडे नेला. साहेबांनी तो वाचून परत दिला. "वेबसाइटवर नाव नाही. मी कुठून घेऊ, गुरुजी?"

बुधी रडली नाही. दाखला घडी करून पिशवीत ठेवू लागली. तेव्हा गुरुजींनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक मळकी वही काढली.

"थांब पोरी. 'बुधी लक्षा वड. नागलीची रोपं लावून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाऊस उघडला होता.' शाळेत नाव घालताना तुझ्या आईने सांगितलं होतं मला."

"व्हय," आई म्हणाली. "उघाड होती."

"आणि ती दुसरी भात झोडताना झाली. चार महिन्यांचं अंतर आहे दोघींत. पण दाखल्यात तारखेचा रकाना होता. नागलीचा नव्हता."

मायलेकी जीपकडे गेल्या. मी विचारलं, "गुरुजी, माझं आहे का त्यात?"

पानं न उलटताच ते म्हणाले, "वरई कापताना. आई शेतातच होती. दुपार."

माझी आई मी तिसरीत असताना गेली. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"आणि तुमचं?"

गुरुजींनी स्केचपेनला टोपण लावलं.

"एक जून," ते म्हणाले. "माझ्या मास्तरांनी विचारलंच नाही कोणाला."