कोंबडी आपल्या मरणाने मेली, त्याची हकीकत

श्रीअन्नदाता साक्ष असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आषाढ मास. ते समयी राज्य बहुत निरोगी होते. माणसांचे ठाऊक नाही, परंतु कोंबड्यांचे दप्तर पाहावे तों दर साल एकच ओळ: रोगाने मृत, एकही नाही. याचे कारण ऐसे की, कोंबडीने मान टाकिली की ती मुदपाकखान्याची, म्हणजे वाड्याच्या स्वयंपाकघराची, हा जुना हक्क होता. मुदपाकखान्याचे कारभारी सुभानजी घोगरे, सुरी सदा कमरेस, ते मरणाच्या घटकाभर आधी बरोबर पोहोचत आणि कापीत, मग कापलेली ती कापलेली, रोगाने मेली ऐसे कोण म्हणेल?

त्या राज्याचे शाळेत द्वारकाबाई महाडकर म्हणून पशुवैद्य होत्या. हुजुरांनी त्यांस एका पगारात दोन कामे सांगितली होती, नववीच्या मुलींस जीवशास्त्र शिकवावे आणि शाळेच्या खुराड्यातील तीनशे कोंबड्यांचे रोग शोधावे. तों आषाढात कोंबड्या चोच उघडून श्वास घेऊ लागल्या, आणि हिरवे हगू लागल्या, आणि काहींच्या माना पिळून पाठीवर गेल्या. द्वारकाबाईंनी पाहताच जाणिले, ही मानमोडी, ज्यास राणीखेत रोग म्हणतात. लस न आली तर महिन्यात खुराडे ओस, आणि शाळेमागील वस्तीत दर घरी चार-सहा कोंबड्या, त्याही गेल्या. मग त्यांनी लस मागणारा अर्ज हुजूर धाडिला. प्रधानांचे उत्तर आले: "राज्यात रोग नाही. असल्यास रोगाने मेलेली कोंबडी एक, अखंड, पाहणीस पाठवावी. कापलेली चालणार नाही."

मग द्वारकाबाई खुराड्याशी बसल्या. एका कोंबडीने मान टाकिली, आणि सुभानजी हजर.

"बाई, सरा बाजूला. दोन घटका थांबलो तर मरेल की ती!"

"मरू दे, सुभानजी. तेच हवंय मला!"

"शिव शिव! शिकलेल्या ना तुम्ही? धडधाकट रस्सा वाया घालवता?"

ऐसे बोलत बोलत त्यांनी कापिली. द्वारकाबाईंनी कपाळास हात लाविला. मग म्हणाल्या, "बरं, निदान आतडी, जठर, काळीज तरी पाठवा, मुलींना दाखवते." सुभानजी मनाने वाईट नव्हते. दुसरे दिवशी तासाच्या वेळी स्वतः झाकले पातेले घेऊन वर्गात आले, आणि झाकण काढिले, तों काळीज आणि जठर कांदा घालून उत्तम परतलेले. "कच्चं कसं आणायचं मुलींपुढं? म्हणून परतलं." मुली वाकून पाहू लागल्या, आणि रुक्साना शिकलगार म्हणून चौकस मुलगी, ती पुसती जाहली, "बाई, हे ठिपके रोगाचे की मिऱ्यांचे?" कोण्या विद्येत याचे उत्तर असावे? अर्धा वर्ग खाऊन मोकळा जाहला.

मग आषाढी अमावास्या आली. त्या दिवशी राज्यात जो तो पुढील महिन्याचा उपास आधीच भरून काढितो. सुभानजींनी खुराड्यातून एका दिवसात एक्केचाळीस नेल्या, मान टाकलेल्या आणि मान टाकतील ऐशा वाटणाऱ्या. द्वारकाबाईंनी प्रधानांस लिहिले, एक्केचाळीस रोगी होत्या. उत्तर आले: "भोजन उत्तम जाहले. रोगाचा पुरावा पाठवावा."

दुसरे दिवशी श्रावण लागला.

श्रावणात वाड्यात मांसास कोणी शिवत नाही. सुरी धुऊन ठेविली, मुदपाकखान्यात वरी आणि साबुदाण्याची खिचडी, आणि सुभानजी रिकाम्या हातांनी खुराड्याशी येऊन द्वारकाबाईंजवळ उकिडवे बसले. सत्तावीस नंबरची कोंबडी कोपऱ्यात मान पिळून पडली होती. सुभानजींचा हात कमरेकडे गेला आणि तसाच परत आला. "आज नाही जमणार, बाई. तुमचीच ती." मग दोघे पाहात बसले, आणि शाळेची दुसरी घंटा होता होता कोंबडी मेली. राज्याच्या स्मरणात आपल्या मरणाने मेलेली ही पहिलीच. सुभानजी हळूच म्हणाले, "वाईट मरण हो. आम्ही बरे त्यापेक्षा." द्वारकाबाईंस प्रथमच त्यांचा राग न आला.

मग हातमोजे घालून, तोंडास फडके बांधून त्यांनी कोंबडी मुलींसमोर उघडिली, आणि पेषणीच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या, आधीचे छोटे जठर उलटे करून दाविले, तों आतल्या अस्तरावर लाल रक्ताचे ठिपके. "हे रोगाचे," रुक्साना म्हणाली, आणि साऱ्या मुलींनी वहीत काढून घेतले. कोंबडी पुन्हा टाके घालून, बर्फात ठेवून, हुजूर रवाना केली.

उत्तर आले ते ऐसे: "राज्यात आजवर एकही कोंबडी मेली नाही. आपले देखरेखीतच कशी मेली, याचे कारण आठ दिवसांत दाखवावे." द्वारकाबाईंनी कागद मुठीत चुरगाळिला, मग सरळ केला आणि कारण लिहिले, मानमोडी. तोवर आणखी तीस मेल्या. त्यांचे कळविले, तों त्यांजसाठी वेगळा अर्ज लागेल ऐसे समजले. अखेर मंजुरी आली: "रोगी कोंबडी एक. सबब लस, कुपी एक."

"एक?" सुभानजी ओरडले. "मेलेलीला?"

द्वारकाबाई रडवेल्या होत्या. त्यांनी बर्फाच्या डब्यातून कुपी काढिली, उजेडात धरिली, चिठ्ठी वाचिली, आणि पुन्हा वाचिली. मग सुभानजींचे मनगट धरून म्हणाल्या, "ही लस येतेच हजार कोंबड्यांची. तिकडं कुणाला ठाऊक दिसत नाही. कालवल्यावर दोन तासांत संपवायची. चला, कोंबड्या धरा. मान न आवळता धरा!" मग सुभानजी धरू लागले आणि मुली दर कोंबडीच्या डोळ्यात थेंब घालू लागल्या, आणि शाळेच्या दोनशे नऊ जाहल्या, मग सारी वरात वस्तीत धावली, आणि खाटेखालच्या, झाडावरच्या, एका म्हातारबाईंनी पदरात लपविलेल्याही जाहल्या, आणि कुपी रिती जाहली. शाळेच्या दोनशे नवांत एकशे अठ्ठ्याण्णव तगल्या.

महिनाअखेर प्रधानांचे पत्र आले: "लस पोहोचली असेलच. कोंबडी क्रमांक सत्तावीस हिची प्रकृती आता कशी, ते कळवावे."

द्वारकाबाईंनी उलट टपाली लिहिले: "शांत आहे."

येणेंप्रमाणे मानमोडी आली आणि गेली, आणि हुजुरांस तिची वार्ता नाही. हकीकत इतकीच.