सतरा ठिपके आणि एक चूक

दिवसभर लोकांना चष्मे लावणाऱ्या माणसाला आकाशातला एक ठिपका सापडू नये, हे शक्यच नाही! असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा माझ्या आवाजात शंकेला जागा नव्हती. मी चष्म्याच्या दुकानात आहे. बावीस वर्षं लोक माझ्यासमोर बसून भिंतीवरची अक्षरं वाचताहेत आणि चुकताहेत. भिंगांच्या बाबतीत मला कुणी चार शब्द शिकवावेत अशी परिस्थिती नव्हती. निदान त्या शनिवारपर्यंत तरी नव्हती.

प्रश्न खरं तर एका कोपऱ्याचा होता. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी एकच कोपरा मोकळा राहतो, आणि तिथे दोन वर्षं माझी दुर्बीण तीन पाय पसरून उभी होती. दोन महिन्यांपूर्वी सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले. ते छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे छापण्याआधी प्रुफं मूळ प्रतीशी ताडून चुका काढायच्या. येताना त्यांनी आपलं टेबल आणलं. ते टेबल गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभं होतं. बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यांची मुलगी मात्र रोज काढायची.

दोन वर्षांत दुर्बिणीतून काय पाहिलंत, असं तिने एकदा सरळच विचारलं. चंद्र, मी म्हणालो. तो तिला खिडकीतून फुकट दिसत होता.

मग मी बटुग्रहाचं नाव काढलं. सेरेस! मंगळ आणि गुरू यांच्या मधून फिरणारा, ग्रह म्हणायला जरा लहान आणि धोंडा म्हणायला फारच मोठा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण प्रतियुतीच्या सुमारास साध्या दुर्बिणीत सापडतो. प्रतियुती म्हणजे एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला तो आणि मधे आपण. इकडे सूर्य मावळला की तिकडे हा उगवतो, मध्यरात्री अगदी वर येतो, आणि त्याच दिवसांत तो आपल्याला सगळ्यांत जवळ आणि सगळ्यांत तेजस्वी असतो. असा योग सव्वा वर्षातून एकदा. तो त्याच शनिवारी होता आणि त्या आठवड्यात चंद्रही पहाटेशिवाय उगवणार नव्हता. याहून चांगली वेळ शोधून मिळाली नसती.

बायकोने तिथल्या तिथे करार केला. शनिवारी मी ग्रह दाखवला तर कोपरा दुर्बिणीचा. नाही दाखवला तर दुर्बीण माळ्यावर आणि टेबल आत. मी इतका खुशीत होतो की दुकानात मालकांनाही बोलावून बसलो.

आता बटुग्रहाची गंमत अशी की तो दुर्बिणीतही चारचौघांसारखा ठिपकाच दिसतो. ओळखायचा कसा, तर तो हलतो. आज आकाशाचा तेवढा तुकडा कागदावर काढायचा, दोन दिवसांनी पुन्हा काढायचा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जो ठिपका सरकला तो ग्रह. मोबाइलवर बघून आयतं मिळतं, पण ते म्हणजे मागची उत्तरं पाहून गणित सोडवणं. आपल्याला ते जमत नाही.

बुधवारी मी गच्चीवर जाऊन सतरा ठिपके काढले. शुक्रवारी पुन्हा सतरा काढले, तेही पहिल्या कागदाकडे ढुंकूनही न बघता, कारण बघितलं की हात आपोआप तसाच वळतो. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले. रात्री डोळे दमलेले असतात, सकाळी ताज्या डोळ्यांनी ताडून बघू, असा विचार केला. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो.

सकाळी ताडून पाहिलं. दोन्ही कागद हुबेहूब सारखे! एक ठिपका इकडचा तिकडे नाही. मी काचेखाली धरले, उजेडात धरले, एकावर एक ठेवून खिडकीला लावले. सतराच्या सतरा ठिपके जागच्या जागी बसले. म्हणजे मी आकाशाचा तुकडाच चुकीचा निवडला होता आणि माझ्या हातात फक्त संध्याकाळ उरली होती. बाबा समोर चहा पीत होते. त्या दिवशी ते कधी नव्हे ते प्रसन्न दिसत होते.

रात्री साडेनऊला मालक सपत्नीक गच्चीवर हजर झाले. बायको आली, बाबाही हळूहळू जिना चढून आले. मी दुर्बीण जुन्या तुकड्यावरून काढली आणि शेजारचं आकाश चाचपायला लागलो. इकडे नाही, तिकडे नाही. मालकीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. आणि तेवढ्यात, जरा खालच्या अंगाला, एक तांबूस गोल दिसला. शुक्रवारी तो तिथे नव्हता हे मी शपथेवर सांगू शकलो असतो. काल नव्हता, आज आहे, म्हणजे हलला! ग्रह ठिपक्याएवढा दिसतो आणि हा चांगला बटणाएवढा होता, हे मला सुचलं नाही असं नाही. पण अशा वेळी माणूस फार चौकशी करत नाही.

मी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि सूर्यमालेवर बोललो. बायकोने पाहिलं आणि पहिल्यांदाच "बरा दिसतोय" असं म्हणाली. कोपरा वाचला! मग मालक वाकले. आता मालकांचं सगळं आयुष्य लोकांना स्पष्ट दाखवण्यात गेलेलं. गोल जरा धूसर आहे म्हणताच त्यांचा हात सवयीने बाजूच्या चाकीवर गेला आणि त्यांनी ती हलकेच फिरवली.

मग त्यांनी आपला चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"अहो," ते शेवटी म्हणाले, "याला शिडी आहे."

समोरच्या बांधकामावरची क्रेन होती. शुक्रवारी तिचा दांडा दुसरीकडे होता. शनिवारी कुणीतरी तो वळवून टोकावरचा दिवा माझ्या दुर्बिणीसमोर आणून ठेवला होता. मालकीणबाईंनाही शिडी बघायची होती. त्यांनी पाहिली आणि आवडली म्हणाल्या. दुकानात हे निदान वर्षभर तरी पुरेल, हे मला तिथेच कळलं.

पाहुणे गेल्यावर बायको खाली जाऊन कोपरा मापू लागली. टेप ओढल्याचा आवाज मला जिन्यात ऐकू आला. मी खाली येऊन खुर्चीत बसलो. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटत होतं. बाबा शेजारी येऊन बसले.

"मनाला लावून घेऊ नका, जावईबापू," ते म्हणाले. "तुमचं काम स्वच्छ होतं. सतरा ठिपक्यांत एकच चूक."

"कसली चूक?"

"दुसऱ्या कागदावर एक ठिपका सरकला होता. मी पहाटे उठलो तेव्हा टेबलावर दोन्ही पडलेले दिसले. म्हटलं, राहून गेलंय बिचाऱ्यांचं. मूळ प्रतीप्रमाणे लावून दिला."

मी शुक्रवारचा कागद दिव्यासमोर तिरका धरला. खोडरबराची एक फिकट खूण होती, एका नखाच्या अंतरावर. अडतीस वर्षांत बाबांच्या नजरेतून एक चूक निसटली नव्हती. बटुग्रह तरी कुठून निसटणार! मला राग यायला हवा होता, आलाही. पण दोन महिन्यांत त्यांच्या हाती पडलेलं हे पहिलं काम होतं आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी तो राग गिळला आणि दोघांनाही पुन्हा गच्चीवर नेलं.

मध्यरात्र होत आली होती. आकाशाचा तो जुना तुकडा बरोबर डोक्यावर आला होता. मी दुर्बीण लावली आणि बायकोला म्हटलं, बघ, तो ग्रह.

"यातला कुठला?"

"हललेला."

"हलला कशावरून?"

पुरावा खोडून झाला होता. मग बाबाच पुढे आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला आणि नुसत्या आठवणीवर ओळी लावल्यासारखे ते ठिपके मोजू लागले.

"उजवीकडून चौथा," ते म्हणाले. "अजून सरकलाय. याला परत जागेवर आणायला हवं."

बायकोने वाकून उजवीकडून चौथा ठिपका पाहिला. चांगला मिनिटभर पाहिला. मी म्हटलं, झालं ना आता समाधान? दुर्बीण राहिली ना?

"करार तुम्ही दाखवण्याचा होता," ती म्हणाली. "दाखवला बाबांनी."

रविवारी टेबल आत आलं. कोपऱ्यात ते इतकं नेमकं बसलं, की मलाही ते मान्य करावं लागलं. दुर्बीण माळ्यावर आहे. पुढची प्रतियुती सव्वा वर्षाने आहे आणि त्या वेळी काय करायचं हे मी आत्ताच ठरवून टाकलं आहे. सगळे ठिपके पेन्सिलीऐवजी पक्क्या शाईने काढायचे! हा बेत काल मी बाबांना सांगितला. त्यांना तो पसंत पडला. त्यांनी टेबलाचा खण उघडून आत व्हाइटनरची बाटली असल्याची खात्री करून घेतली.