तीन हात रंग आणि आत सासरे

माणसाने कोणताही निर्णय अभ्यासाशिवाय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या दारांच्या चौकटी कशाने रंगवाव्यात, यावर मी तीन आठवडे अभ्यास केला. त्या काळात माझे सासरे दोनदा येऊन गेले. चाळीस वर्षं हातात ब्रश धरलेले रंगारी ते. दोन्ही वेळा त्यांनी "झालं का रंगवून?" एवढंच विचारलं.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या हातच्या एकाही कामाला त्यांनी अजून "बरं" म्हटलेलं नाही. मी ठोकलेल्या खिळ्याकडे ते अपघाताची जागा बघावी तसं बघतात. आता ते आठ दिवस राहायला आले होते. संधी हीच होती.

दुकानदाराने तीन पर्याय मांडले. "डब्यातला स्प्रे घ्याल तर दुसऱ्या चौकटीला बोट गळून पडेल. मोठा पंप घ्याल तर शेजाऱ्यांची भिंतही रंगेल. कॉम्प्रेसरवरची लहान गन न्या. फवारा मऊ, कड सुबक."

"आणि ब्रश?" बायकोने विचारलं.

दुकानदाराने आणि मी तिच्याकडे सारख्याच दयेने पाहिलं.

शनिवारी दुपारी सासरे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. रंगाच्या वासाने इतरांना ठसका लागतो, त्यांना झोप लागते. तरी त्यांच्या अंगावर फवारा उडू नये म्हणून मी दार ओढून घेतलं. भिंतीला कागद, फरशीला कागद, कडीला चिकटपट्टी, आणि गन चालू. एक हात दिला. तो इतका देखणा आला की दुसरा दिला. रंग झटपट वाळणारा होता, म्हणून तिसराही दिला. दार कुठे संपतं आणि चौकट कुठे सुरू होते, कळेना.

साडेचारला आतून आवाज आला. "जावईबापू, दार उघडेना."

मी ढकललं. बायकोने ढकललं. दार ढिम्म.

"अहो, बाबांना चिकटवलंत तुम्ही?"

"बाबांना नाही, दाराला."

"धक्के मारू नका, टवका उडेल," आतून सूचना आली. "आधी सांगा, कुठे ओघळ आलाय?"

"नाही, बाबा."

"संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे?"

"एकही नाही."

"फट कशी दिसतेय?"

"फटच दिसत नाही."

मग ते म्हणाले, "म्हणजे काम बरं झालंय."

एकोणीस वर्षांनी! बायकोने माझा दंड धरला. तिचेही डोळे जरा ओले झाले होते. तो रंगाच्या वासाचा परिणाम, असं ती नंतर म्हणाली.

"आता ब्लेड घ्या आणि चौफेर कापा," आतून आलं.

मी ब्लेड घेऊन उभा राहिलो. कापावं तर काम जातं, न कापावं तर सासरे.

"बाबा, परत एकदा म्हणता?"

"काय?"

"ते, बरं झालंय."

"आधी कापा. मला बाथरूमला जायचंय."

कापलं. सापाने कात टाकावी तशी रंगाची पट्टी वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. सासरे बाहेर आले, थेट बाथरूमला गेले. परतताना चौकटीपाशी थांबले, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि लेकीकडे ब्रश मागितला.

घरातल्या पाचही चौकटी दीड तासात झाल्या, चहा धरून.